घोडा झाडाची साल का कुरतडतो?

घोडा साल कुरतडू लागला की लोक म्हणतात, ‘याला वाईट खोड लागली’ किंवा ‘क्षार कमी पडले’. क्षारांची उणीव कधी असतेही. पण बहुतेकदा भूक असते ती चोथ्याची (तंतुमय चाऱ्याची). घोड्याचं जठर लहान. चोथा आंबतो तो पुढे, अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी). ही व्यवस्था चुलीसारखी: सरपण थोडं थोडं, पण सतत सारावं लागतं. मोकळा घोडा दिवसाचे १६ तासही चरतो. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधली तट्टं हिवाळ्यात गवत सरलं की ओठ मागे ओढून काटेरी गॉर्स झुडपांचे शेंडे अलगद खुडतात. ती खोड नव्हे, त्यांचं जेवणच आहे. तबेल्यातल्या घोड्याला मारू नये, वाळलं गवत वाढवावं. कण्हेर मात्र जवळपास नको. तिची मोजकी पानंही घोड्याचा जीव घेतात.