कोल्हापूर ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

सरळ रेषेत मोजलं तर कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ आणि नागपूर यांच्यात सुमारे ७१० किमी अंतर आहे. रुळावरून मात्र ते बाराशेच्या पुढे जातं. महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड करत आधी उत्तरेला मनमाडपर्यंत चढते. मग कुठे पूर्वेला वळून भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा गाठते. दुपारी कोल्हापूरच्या शाहू टर्मिनसवरून निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी दुपारीच नागपुरात उतरतो. गोंदियापर्यंत जाणारी ही गाडी सुमारे १,३४० किमी धावते, पण राज्याची हद्द ओलांडत नाही.

२०२५ मध्ये स्टार एअरने कोल्हापूर–नागपूर थेट विमानसेवा सुरू केली. ताशी पावणेआठशे किमी वेगाने सरळ रेषेतलं हे अंतर ५५ मिनिटांत कापता येईल. तिकिटावरची वेळ त्याहून जास्त दिसते, कारण ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं सरकणं, चढण, उतरण हे सगळं त्यात आलं. शिवाय घरातून विमानतळ गाठणं आणि तासभर आधीची तपासणी वेगळी धरावी. तरीही रेल्वेच्या तुलनेत बराच वेळ वाचतो.

नागपुरात भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात गाऱ्हाणं मांडायला जाणाऱ्यांसाठी ही मोठी सोय. नागपूरच्या दीक्षाभूमीला जाणारे बहुसंख्य आंबेडकर अनुयायी मात्र आजही रेल्वेनेच जातात. त्यांच्यासाठी जादा गाड्यांची गरज विमानाने कमी होत नाही.