मॉस लँडिंगच्या खाजणात कोण काय मोजतो?

मॉस लँडिंग, कॅलिफोर्निया

किनाऱ्यालगतच्या एक नंबर महामार्गाने वॉटसनविल मागे टाकून दक्षिणेला निघाले, की दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची शेते लागतात आणि त्यांच्या पलीकडे पाचशे फुटी दोन धुरांडी दिसतात. हेच मॉस लँडिंग. मासेमारीचे लहानसे बंदर, शेजारी एल्कहॉर्न स्लू नावाची खाडी, तिच्या काठाने पसरलेली खाजणे आणि पाण्यात उताणी पडून पोटावर शिंपले फोडणारी समुद्री पाणमांजरे. कोकणातल्या माणसाला हा मुलूख फारसा परका वाटणार नाही.

धुरांडी आहेत जुन्या वीजकेंद्राची. त्याच्या टर्बाइनच्या रिकाम्या झालेल्या इमारतीत व्हिस्ट्रा या कंपनीने लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या रांगाच रांगा मांडल्या. ३०० मेगावॉट वीज चार तास देऊ शकेल एवढा हा साठा २०२० च्या डिसेंबरमध्ये जाळ्याला जोडला गेला, तेव्हा त्याच्या तोडीचा दुसरा प्रकल्प जगात नव्हता. १६ जानेवारी २०२५ रोजी दुपारी त्या इमारतीला आग लागली. बाराशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, महामार्ग बंद झाला. निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, बॅटऱ्या जळाल्या. महिन्याभराने, १८ फेब्रुवारीला, त्याच ढिगाऱ्यात पुन्हा ज्वाळा उठल्या.

कॅलिफोर्नियाला एवढ्या बॅटऱ्या लागतात तरी कशाला? इथे दुपारी सौर वीज गरजेपेक्षा जास्त होते. सूर्य मावळतो, माणसे घरी परततात, दिवे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. नेमक्या त्याच वेळी सौर वीज शून्यावर येते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची, तर साठवण हवी. २०४५ पर्यंत सगळी वीज प्रदूषणमुक्त करायची, असा कायदा या राज्याने २०१८ मध्ये केला आहे. बे एरियातल्या बहुतेक मराठी घरांत ज्या पीजी अँड ई कंपनीची वीज येते, तिच्याशीच मॉस लँडिंगचा करार होता. त्यामुळे इथल्या राखेशी आमचा संबंध नाही, असे आम्हाला म्हणता येणार नाही. बॅटऱ्या नकोत, असेही मी म्हणत नाही. कोळसा आणि वायू जाळून जी माणसे आजारी पडतात, त्यांचा हिशेब याहून फार मोठा आहे.

पण या आगीचे स्वरूप समजून घ्यायला हवे. बॅटरीचा एक सेल बिघडून तापला, की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. ती शेजारच्या सेलला पोहोचते, तिथून पुढच्याला. पाण्याने बाहेरची ज्वाळा विझते, आतली क्रिया थांबत नाही. म्हणून अग्निशमन दलाने ही आग जळून जाऊ दिली. नव्या प्रकल्पांत बॅटऱ्या उघड्यावर, एकमेकींपासून अंतर ठेवून, वेगवेगळ्या पेट्यांत ठेवतात. एक पेटली तरी सगळ्या पेटू नयेत, हा हेतू. त्यांतले रसायनही आता बहुधा लोह-फॉस्फेटचे असते आणि ते तुलनेने कमी भडकते. इथे मात्र निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेल्या बॅटऱ्या एकाच छपराखाली दाटीने रचलेल्या होत्या. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये याच इमारतीत धूर ओळखणाऱ्या यंत्रणेच्या चुकीने पाणी सुटले, नळांच्या जोडांतून गळून बॅटऱ्यांवरच पडले, आणि सुमारे ७ टक्के बॅटऱ्या निकामी झाल्या होत्या. सूचना मिळाली होती, असेच म्हणावे लागते.

आग धुमसत असतानाच मोजमापे सुरू झाली. इथली व्यवस्था आपल्या वाचकांना थोडी उलगडून सांगायला हवी. आपल्याकडे अशा वेळी नजर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. इथे कौंटीचा आरोग्य विभाग वेगळा, राज्याचा विषारी पदार्थ नियंत्रण विभाग वेगळा आणि या सगळ्यांवर वॉशिंग्टनची पर्यावरण संस्था, म्हणजे ईपीए. जो तो आपल्या अधिकारातले मोजतो. ईपीएने आसपासच्या वस्तीत हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रे लावली. बॅटरीच्या धुरात ज्याची सर्वांत जास्त भीती, तो हायड्रोजन फ्लोराइड वायू आणि हवेतले सूक्ष्म कण मोजले आणि लोकांच्या आरोग्याला धोका होईल अशी पातळी आढळली नाही, असे जाहीर केले. लोक घरी परतले. डोकेदुखी आणि तोंडाला धातूची चव येत असल्याच्या तक्रारी मात्र येत राहिल्या. काहींनी खिडक्यांवरची, अंगणातली धूळ पुसून स्वतःच प्रयोगशाळांत पाठवली.

खरी कलाटणी मिळाली ती खाजणात. सॅन होजे स्टेट विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा मॉस लँडिंगलाच आहे. तिथले भूशास्त्रज्ञ इव्हानो आयेलो आणि त्यांचे सहकारी खाडीकाठच्या पुनरुज्जीवित खाजणातल्या मातीचे मोजमाप आगीच्या आधीपासून करत होते. त्या कामाचा बॅटऱ्यांशी काही संबंध नव्हता. आगीनंतर ते तेच हातात धरायचे क्ष-किरण यंत्र घेऊन त्याच चिखलात उतरले. वरच्या थरात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट पूर्वीच्या तुलनेत शंभर ते हजार पटींनी वाढलेले निघाले, आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण बॅटरीतल्या मिश्रणाशी जुळणारे होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात सुमारे १.२ चौरस किलोमीटर खाजणावर अंदाजे २५ टन जड धातू पडल्याचे म्हटले आहे.

मग सरकारी यंत्रणा खोटे बोलल्या का? नाही. त्यांनी विचारलेला प्रश्नच दुसरा होता. हवेत अमुक वायू आहे का, याचे उत्तर त्यांनी दिले; जमिनीवर काय पडले, हे वायू मोजणारे यंत्र सांगू शकत नाही. मातीचे नमुने घेतानाही तेच. राज्याचा विभाग नमुन्याची तुलना माणसाच्या आरोग्यासाठी ठरवलेल्या मर्यादेशी करतो. भूशास्त्रज्ञ तुलना करतो ती कालच्या मातीशी. पहिला म्हणतो, मर्यादेच्या आत आहे. दुसरा म्हणतो, हजारपट वाढले आहे. दोघांचे आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि घराच्या ओट्यावर उभा असलेला माणूस मात्र गोंधळतो. शिवाय ही राख चिखलावर काही मिलिमीटरचाच पापुद्रा होऊन बसली होती. नेहमीच्या पद्धतीने थोडे खोल खणून माती मिसळली, की पापुद्रा खालच्या स्वच्छ मातीत विरतो आणि आकडा खाली येतो. नमुना कुठून आणि किती खोलीवरून घेतला, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे असते.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट ही, की आगीआधीचे आकडे केवळ योगायोगाने हाती होते. कोणी खाजण पुन्हा उभे करत नसते, तर शंभर पट की हजार पट, हा वाददेखील झाला नसता. एवढा मोठा साठा उभारताना आसपासची माती, विहिरी आणि खाडीचा गाळ आधीच तपासून ठेवणे, हा प्रकल्पाचाच भाग असायला हवा होता.

कायदे बदलले, पण आगीनंतर. राज्याने २०२५ मध्ये नवा कायदा केला. परवान्याचा अर्ज करण्याआधी स्थानिक अग्निशमन दलाशी चर्चा आणि प्रकल्प सुरू होण्याआधी त्यांची तपासणी आता बंधनकारक आहे. चांगलेच झाले, मात्र त्यात भर आगीवर आहे. जळालेल्या बॅटऱ्या एकेक करून बाहेर काढायचे काम ईपीएच्या देखरेखीखाली सुरू झाले. लिथियम-आयन बॅटऱ्यांची एवढी मोठी सफाई आपल्या इतिहासात दुसरी नाही, असे ती संस्थाच म्हणते.

आपल्याकडेही हा विषय लांबचा राहिलेला नाही. शेतकऱ्याला दिवसा सौर वीज देण्याच्या योजना महाराष्ट्रात जोरात आहेत, आणि दिवसाची वीज वाढली की संध्याकाळसाठी साठवण आलीच. ४,००० मेगावॉट-तास बॅटरी साठवणुकीला आर्थिक आधार देण्याची योजना केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्येच मंजूर केली. या बॅटऱ्या कोणत्या तरी गावाच्या शिवारात, कोणाच्या तरी विहिरीशेजारी उभ्या राहतील. त्या गावाने आज आपल्या विहिरीच्या पाण्याचा आणि मातीचा अहवाल मागितला, तर त्याला विकासविरोधी म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इथे वॉटसनविलजवळ, सफरचंदाच्या बागांच्या भागात, २०० मेगावॉटच्या नव्या बॅटरी प्रकल्पाचा प्रस्ताव आला आहे. मॉस लँडिंगसारखी बंद इमारत तिथे नसेल. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या पेट्यांत ठेवू, असे कंपनी सांगते. हा फरक खरा आहे आणि लोकांनी तो ऐकून घ्यायला हवा. पण लोकांचे प्रश्नही तितकेच खरे आहेत: पहिली पेटी यायच्या आधी बागेतली माती कोण तपासणार, खर्च कोण देणार, आणि तो अहवाल इथल्या शेतमजुरांना स्पॅनिशमध्ये वाचायला मिळणार की नाही?