'संत ज्ञानेश्वर' मुलांबरोबर बघताना

आषाढी जवळ आली की घरोघरी मुलांना वारीची गोष्ट सांगायची वेळ येते. आपल्याला आठवतं ते शाळेच्या पुस्तकातलं, तेही अर्धवट. अशा वेळी आम्ही सुचवू 'प्रभात'चा 'संत ज्ञानेश्वर' (१९४०).

दिग्दर्शन दामले-फत्तेलाल जोडीचं. याच दोघांच्या 'संत तुकाराम'ने (१९३६) पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नाव मिळवलं होतं. लहानपणीचा ज्ञानदेव यशवंत या बालनटाने केला आहे आणि मोठा शाहू मोडकांनी. मोडक नगरचे, ख्रिस्ती कुटुंबातले. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासेही त्याच जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर). मुलांना हे जरूर सांगा, इकडच्या मुलांना ते फार आवडतं.

आता अडचणीची जागा. 'संन्याशाची पोरं' म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या मुलांना कळत नाही. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, पण गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात आले. संन्यासातून परतीची वाट नाही, असं त्या वेळचे शास्त्री म्हणत. म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चारही भावंडं वाळीत पडली. मुंज नाही, शेजार नाही, भिक्षा मिळायचीही मारामार. शेवटी आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह नदीत सोडला, अशी परंपरेतली कथा आहे.

"पण यात मुलांचं काय चुकलं?" हा प्रश्न येतोच. आमच्या घरीही आला. रिमोट उचलून हा भाग पुढे ढकलावा असं वाटतं, कारण वाळीत टाकणारी माणसंही आपलीच आहेत. पण हे गाळलं तर उरतात नुसते चमत्कार, आणि चमत्कार मुलांनी सुपरहीरोच्या सिनेमात ढीगभर पाहिलेले असतात. काही चुकलं नव्हतं, मोठ्या माणसांनी अन्याय केला, असं सरळ सांगावं. आम्ही तेच सांगितलं.

मग पैठणचा प्रसंग नीट कळतो. मुलं तिथे जातात ती शुद्धिपत्र मागायला. आपण शुद्ध आहोत असं चार मोठ्यांनी लिहून द्यावं म्हणून! तिथे ज्ञानदेव म्हणतो की सगळ्यांच्या ठायी आत्मा एकच. कुणीतरी चेष्टा करतं, की हा पखालीचा रेडा, याचंही नाव ग्याना, मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक नाही का? नाही, असं तो शांतपणे सांगतो आणि रेडा वेद म्हणू लागतो. ज्या मुलाला मुंज नाकारून वेदांपासून दूर ठेवलं, तो ते रेड्याच्या तोंडून वदवतो. रेडा बोलला की नाही, यावर आमच्यासारखे इंजिनिअर तासभर वाद घालतील, पण गोष्टीतला टोला कुणाला बसला आहे ते बघावं.

चालत्या भिंतीच्या प्रसंगाला आमच्याकडे सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. १९४० साली कॉम्प्युटर नव्हता. एकच फिल्म दोनदा वापरणं, चौकटीचा काही भाग झाकून ठेवणं, छोट्या प्रतिकृती करणं अशा युक्त्यांवर त्या काळचे ट्रिक सीन उभे राहत. मुलांना विचारा, तुम्ही हे कसं केलं असतं? पुढचा अर्धा तास निवांत मिळतो.

मुक्ताईकडेही लक्ष द्यायला सांगा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसला आणि धाकट्या बहिणीने त्याची समजूत काढली, अशी आख्यायिका आहे. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. शाळेत चिडवलं गेलेल्या मुलाला ही गोष्ट लगेच समजते.

दोन सूचना. चित्रपट संथ आहे आणि भाषा जुन्या वळणाची, तेव्हा एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. आणि समाधीची तयारी आधीच ठेवा. एकविसाव्या वर्षी, १२९६ साली, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. लहान मुलं विचारतात, "म्हणजे तो मेला?" आम्ही 'हो' म्हटलं, मग आळंदीहून दरवर्षी निघणाऱ्या पालखीचे फोटो काढले आणि त्यात ज्ञानदेवांच्या पादुका कुठे आहेत ते दाखवलं.