घाटातल्या तांबड्या पट्ट्याचे वय

वाचकहो, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना एस. टी.च्या खिडकीतून डोंगराच्या कापलेल्या अंगाकडे कधी नीट पाहिले आहे काय? भाकरीची चवड रचावी तसे काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले दिसतात, आणि मधूनच विटकरी रंगाचा एक पट्टा आडवा जातो. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. विहीर खणताना तुमच्यापैकी कित्येकांना हा पट्टा लागला असेल. कोणी त्याला गेरू म्हणते, कोणी नुसती तांबडी माती. तो मऊ असतो, बांधाला धरत नाही, म्हणून विहीर खणणाऱ्या माणसाला तो फारसा आवडत नाही. पण याच मातीची पोती भरून साता समुद्रापलीकडे नेणारी माणसे आहेत, आणि त्या मातीत काय सापडले यावरून जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत वाद झाले आहेत. ही माणसे करतात तरी काय, ते आज पाहू.

आपला सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचे पठार हे लाव्हारसाचे बनले आहे, हे शाळेत मुले शिकतातच. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या काळ्या दगडाखाली आहे. लाव्हा एकदाच आला नाही. एक लोंढा आला, थिजला, मग बराच काळ शांत गेला. त्या शांततेत ऊनपावसाने वरचा दगड कुजला, त्याची माती झाली; वाऱ्याबरोबर दूरच्या ज्वालामुखींची राखही येऊन पडली. मग पुढचा लोंढा त्यावरून गेला आणि माती दडपली गेली. तुमच्या विहिरीतला तांबडा पट्टा म्हणजे तीच जुनी जमीन. तिच्यावर नांगर चालला नाही एवढेच.

हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्याच सुमारास डायनोसॉर आणि त्यांच्याबरोबर असंख्य जीव पृथ्वीवरून नाहीसे झाले. १९८० साली अमेरिकेतील बर्कले येथील लुई अल्वारेझ आणि त्यांचे भूगर्भशास्त्रज्ञ चिरंजीव वॉल्टर यांनी सहकाऱ्यांसह असे मांडले की, आकाशातून मोठा पाषाण कोसळला आणि हा संहार झाला. इटलीत गुब्बिओ गावाजवळच्या चिकणमातीच्या पातळ थरात त्यांना इरिडियम हा दुर्मिळ धातू सापडला होता. पुढे १९९१ साली मेक्सिकोत त्या आघाताचा खड्डा ओळखला गेला, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचा. पण दुसरा पक्ष म्हणत राहिला की, खरा घात केला तो दख्खनच्या लाव्ह्याने आणि त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गर्टा केलर या बाईंनी हे मत अनेक वर्षे, बहुमताच्या विरुद्ध उभे राहून, लावून धरले आहे.

आता खरा पेच असा की, लाव्ह्याचा मोठा लोट आधी आला की पाषाण आधी पडला? याचे उत्तर तोंडी वादाने मिळणार नाही. त्यासाठी आपल्या घाटातल्या प्रत्येक थराचे वय हवे, आणि तेही काही हजार वर्षांच्या अचूकतेने. म्हणून ही मंडळी आपल्याकडे येतात.

पाऊस सरला, डोंगरावरचे गवत वाळले की त्यांचा हंगाम सुरू होतो. प्राध्यापक, दोन-चार विद्यार्थी, भाड्याची जीप. प्रत्येकाजवळ हातोडा, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, उतार मोजण्याचे होकायंत्र, नकाशा आणि वही. पायथ्यापासून सुरुवात करून थर मोजत माथ्यापर्यंत जायचे, प्रत्येक ठिकाणची उंची टिपायची, नमुना फोडून पिशवीत भरायचा आणि पिशवीवर क्रमांक घालायचा. क्रमांक चुकला तर पुढचे वर्षभराचे काम फुकट, कारण प्रयोगशाळेत सगळे काळे दगड सारखेच दिसतात. दगड घ्यायचा तोही ताजा; पावसापाण्याने बाहेरून कुजलेले कवच फोडून आतला गाभा काढावा लागतो. दिवसभरात खांद्यावर मणभर ओझे होते. गावातली माणसे विचारतात, “सोने सापडले काय?” आणि कोणी जाणता हळूच विचारतो, “साहेब, धरणाची मोजणी तर नाही ना?” दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा खरा आहे, आणि चांगला प्राध्यापक त्याचे उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकत नाही.

नमुने प्रयोगशाळेत पोचले की पुढचे काम आमच्या मायबहिणींना लगेच समजेल, कारण त्यातले निम्मे पाखडण्या-निवडण्याचेच आहे. तांबड्या मातीत शोधायचे असतात ते झिरकॉन नावाचे कण. मोहरीचा दाणाही त्यांच्यापुढे डोंगर वाटावा इतके ते बारीक. ते आपल्या काळ्या दगडात सहसा होत नाहीत; वाऱ्याने आलेल्या राखेतून मातीत पडलेले असतात. माती आधी कुस्करून चाळतात. मग हलत्या उतरत्या फळीवर पाण्याबरोबर सोडतात; हलके वाहून जाते, जड मागे राहते, सुपातल्यासारखे. मग लोहचुंबक फिरवून लोखंडाचे कण बाजूला काढतात. त्यानंतर एका जड द्रवात उरलेले ओततात. भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकले की पोचट वर तरंगते आणि भरलेले तळाशी बसते, तसेच इथे. साधी वाळू तरंगते, झिरकॉन बुडतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक कण निवडायचा. आणि बहुतेक पोत्यांतून शेवटी काहीच निघत नाही! गोळा केलेल्यांपैकी थोड्याच नमुन्यांत कामाचे झिरकॉन मिळाले, असाच अनुभव आहे.

या कणांचे एवढे कौतुक कशासाठी? झिरकॉन तयार होताना आपल्या अंगात युरेनियम घेतो, पण शिशाला दारात उभे करत नाही. युरेनियमचे मात्र ठरलेल्या गतीने शिसे होत असते. त्याच्या मुख्य प्रकारातला निम्मा भाग पालटायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणजे कणात आज जे शिसे आहे ते आतच तयार झालेले. किती युरेनियम उरले आणि किती शिसे झाले हे मोजले की वय निघते.

सांगायला सोपे, करायला कठीण. कणातले शिसे इतके अल्प असते की, हवेतल्या धुळीतले शिसे त्यात मिसळले तरी हिशेब बिघडतो. म्हणून गाळलेल्या हवेच्या खोलीत, अंगभर पांढरा झगा आणि टोपी घालून काम चालते. आपल्या देवघरात इतके सोवळे नसेल. कण विरघळवायला जे आम्ल लागते ते काचसुद्धा खाते, म्हणून भांडी टेफ्लॉनची. आणि ते कातडीवर पडले तर हाडापर्यंत इजा करते. नवख्या विद्यार्थ्याला ते आम्ल हाताळू देण्याआधी नीट शिकवून घेतात. शेवटी अणू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात ते द्रावण जाते.

दुसरी रीत आहे आर्गॉन वायूची. यात तांबडी माती नव्हे, तर लाव्ह्यातलेच पांढुरके स्फटिक घेतात. त्यातल्या पोटॅशियमपासून हळूहळू आर्गॉन वायू तयार होऊन आत कोंडलेला असतो. स्फटिक आधी अणुभट्टीत ठेवतात, मग लेसरच्या किरणाने तापवून सुटलेला वायू मोजतात. पहिली रीत प्रिन्स्टनच्या ब्लेअर शॉन यांच्या गटाची, दुसरी बर्कलेच्या पॉल रेने आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाची. आणि आपण अभिमानाने नोंदवावे असे हे की, पहिल्या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते, तर दुसऱ्यात मुंबईच्या आय. आय. टी.चे कांचन पांडे. वाद परदेशातला, पण दोन्ही बाजूंना महाराष्ट्रातली माणसे.

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन्ही गटांचे लेख आले. शॉन यांचा गट म्हणाला, लाव्हा चार मोठ्या लोटांत आला आणि त्यातला एक पाषाण पडण्याच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. स्प्रेन यांचा गट म्हणाला, लाव्हा बराचसा सलग येत राहिला आणि त्यातला सुमारे पाऊण भाग आघातानंतरचा आहे. डोंगर तेच, घाट तेच, निष्कर्ष मात्र दोन.

यात कोणी खोटे बोलत नव्हते. आर्गॉनच्या रीतीत वयाची मागेपुढे होण्याची मर्यादा मोठी असते. झिरकॉनची मर्यादा लहान, पण तिथे शंका वेगळी: हा कण ज्या मातीत सापडला त्याच काळातला, की जुन्या राखेतला वाऱ्याने पुन्हा उडून आलेला? बहुतेक सारा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत आला, यावर मात्र दोघांचे एकमत आहे, आणि चाळीस वर्षांपूर्वी एवढेही ठामपणे सांगता येत नव्हते.

असे वाद मिटवायचे की पेटवायचे ते परिषदांत. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या डिसेंबरातल्या मेळाव्याला वीस हजारांवर माणसे जमतात. पंढरीची वारी नव्हे, पण गर्दी तशीच. वर्षभर घासलेल्या विद्यार्थ्याला बोलायला मिळतात दहा-बारा मिनिटे, आणि मग विरुद्ध गटाचा प्राध्यापक उठून विचारतो, “हा नमुना नेमका कुठल्या थरातला?” तिथे वहीतली नोंद आणि पिशवीवरचा क्रमांक कामाला येतो. ज्यांना व्यासपीठ मिळत नाही ते आपला मोठा तक्ता भिंतीवर टांगून त्याच्यापुढे उभे राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात. माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते, कारण तक्त्यापुढचा माणूस घड्याळ बघत नाही. १९६४ साली आंतरराष्ट्रीय भूगर्भशास्त्र परिषद दिल्लीत भरली होती. २०२० ची पुन्हा दिल्लीला ठरली, पण कोरोनामुळे लांबली आणि मार्च २०२२ मध्ये संगणकावरच उरकावी लागली. असल्या सभांत परदेशी माणसे नेरळ, ठाकूरवाडी, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी अशी नावे अडखळत उच्चारतात, कारण लाव्ह्याच्या थरगटांना आपल्या याच ठिकाणांची नावे दिलेली आहेत.

घरात बारावीला शास्त्र शाखेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि उन्हातान्हात हिंडण्याचा कंटाळा नसेल, तर बी. एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेता येते. पुढे एम. एस्सी. झाल्यावर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा आहे. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे काम आहे. सगळेच काही डायनोसॉरच्या मागे लागत नाहीत. कित्येकजण विहिरींच्या पाण्याचाच अभ्यास करतात.

आणि दिवाळीनंतर तुमच्या शिवाराच्या कडेला कोणी हातोडा घेऊन दगड ठोकताना दिसले, तर आधी ओळख विचारा, मग पाण्याचा तांब्या द्या. तुमच्या विहिरीत तांबडा पट्टा किती हातांवर लागला आणि त्याच्या वर पाझर होता की खाली, हे तुम्हाला आठवत असेल तर जरूर सांगा. ते वहीत लिहून घेतील.