हात इथे, मन भलतीकडे

‘डॉक्टर, हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही हो!’ ही तक्रार पूर्वी सत्तरीपुढचे आजोबा करीत. आता पस्तिशीतले दुकानदार, चाळिशीतल्या शिक्षिका आणि बारावीची मुलेसुद्धा करतात. गॅस बंद केला का, कुलूप लावले का, सकाळची गोळी घेतली का, काही केल्या आठवत नाही. मग ‘स्मरणशक्ती वाढवणारे एखादे टॉनिक लिहून द्या’ अशी मागणी होते. वाचकहो, यांपैकी बहुतेकांची स्मरणशक्ती ठणठणीत असते. चित्त मात्र थाऱ्यावर नसते, आणि त्यावर बाटलीतले औषध अजून निघालेले नाही.

नोंदच झाली नाही, तर आठवणार काय?

एखादे काम रोज केले की मेंदू ते सवयीच्या खात्यात टाकतो. दात घासणे, कुलूप लावणे, गाडी सुरू करणे यांसाठी विचार करावा लागत नाही. हात आपोआप चालतात. ही सोय चांगलीच आहे. ती नसती तर चपला घालतानाही दमछाक झाली असती. पण ज्याकडे लक्ष नाही त्याची पक्की नोंद मेंदू ठेवत नाही. कुलूप लावताना मन बँकेच्या हप्त्यात गुंतलेले असेल, तर कुलूप नीट लागते पण लावल्याची आठवण राहत नाही. वहीत जे लिहिलेच नाही, ते पाने उलटून कसे सापडणार?

हा प्रकार कधी कधी जिवावर बेततो. गेल्या पावसाळ्यात एका काकूंना रिक्षातून दवाखान्यात आणले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे तुटक. रक्तातील साखर भरली ४६. मधुमेहाच्या रुग्णात ती ७० च्या खाली उतरली की धोक्याची घंटा समजावी. सकाळी मुलीचा फोन आला होता. काकूंनी बोलता बोलता शुगरची गोळी घेतली, आणि फोन ठेवल्यावर गोळी राहिली असे वाटून पुन्हा घेतली. त्यात नाश्ताही लांबला. सुनेने गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या तेव्हा हा उलगडा झाला. ग्लुकोज दिल्यावर काकू सावरल्या, तरी त्यांना दिवसभर देखरेखीखाली ठेवावे लागले. कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. ‘मी दोनदा घेतली असेन यावर माझा अजून विश्वास बसत नाही,’ असे काकू घरी जाताना म्हणाल्या.

म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शुगरची गोळी घेतली की नाही अशी शंका आली, तर अंदाजाने पुन्हा घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना विचारावे. सात वारांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी मेडिकलच्या दुकानात मिळते, ती आणावी. आणि गोळी घेताना तेवढा अर्धा मिनिट फोन, टीव्ही, गप्पा सारे बंद ठेवावे.

मन जाते कुठे?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २,२५० प्रौढांना दिवसातून केव्हाही मोबाईलवर विचारले जाई : या क्षणी आपण काय करीत आहात, आणि मन त्याच कामात आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आले की मन दुसरीकडेच आहे. मन भटकत असताना ही माणसे कमी सुखी होती, मग हातातले काम कोणतेही असो. मन एखाद्या सुखद गोष्टीकडे गेले असले, तरी हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा ती अधिक सुखी नव्हती.

आपल्याकडे वेगळे काय घडते? जेवताना सोयाबीनच्या भावाची चिंता, दुकानात बसून मुलाच्या निकालाची, आणि रात्री अंथरुणावर दुपारच्या भांडणाची उजळणी! गंमत अशी की भांडण प्रत्यक्ष चालू आहे की नुसते आठवत आहे, यात शरीर फारसा भेद करीत नाही. दोन्ही वेळा अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात उतरतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, मान-खांदे आखडतात, झोप उडते. पाच मिनिटांचे भांडण आपण मनात पाच तास भांडतो आणि शरीर त्याची किंमत मोजत राहते.

बीपी मोजतानाही हे दिसते. एस.टी.तून उतरून तडक आलेला, फोनवर बोलत असलेला रुग्ण खुर्चीवर टेकतो आणि हात पुढे करतो. आकडा चढाच येतो. खरे तर मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, न बोलता बसायला हवे. अशा बसण्यानंतर मोजले की अनेकांचा आकडा खाली आलेला असतो. याचा अर्थ बीपी बरे झाले असा नाही, आणि गोळी तर मुळीच बंद करायची नाही. पण शांत बसण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, ते यंत्रावर दिसते.

रस्त्यावरचा हिशेबही करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर जाते. मोबाईलवर कोणाचे नाव झळकले ते पाहायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात ३३ मीटर रस्ता आपण न पाहता कापलेला असतो.

जुने धन, नवी पारख

मन वर्तमानात आणण्याची साधना आपल्याला नवी नाही. भगवान बुद्धांच्या शिकवणुकीत श्वासाकडे आणि शरीराकडे सजगपणे पाहण्याला मोठे स्थान आहे. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून परत आणलेल्या विपश्यनेचे केंद्र आपल्या नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीत १९७६ पासून चालू आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये या साधनेवर बेतलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रुग्णांसाठी सुरू केला. तो कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी काहींना हा अभ्यासक्रम आणि काहींना एस्सिटालोप्राम हे नेहमीचे औषध दिले. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच फायदा झाला. अभ्यासक्रमातले रुग्ण घरी रोज पाऊण तास सराव करीत होते, हेही विसरू नये. फुकट काही मिळत नाही.

वेळ नसणाऱ्यांसाठी

‘डॉक्टर, पाऊण तास कोठून आणू? मला जेवायला वेळ नाही!’ हा प्रश्न रास्त आहे. त्यांनी जे काम रोज करावेच लागते, त्यातच थोडे लक्ष घालावे.

१. सकाळचा चहा नुसता प्यावा. पेपरही नंतर. कपाची ऊब, आल्याचा वास, पहिला घोट. मन पळाले तर रागावू नये, पुन्हा चहाकडे आणावे. मन पळणारच. त्याला परत आणणे हाच व्यायाम आहे.

२. कुलूप, गॅस, गोळी या तीन कामांच्या वेळी हलक्या आवाजात म्हणावे : ‘गॅस बंद केला.’ कोणी हसले तरी चालेल. बोललेल्या कामाची नोंद पक्की होते.

३. दिवसातून तीनदा एक मिनिट श्वास मोजावा. चार अंक मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासाने व्हेगस नावाची मज्जा हृदयाची गती मंदावते. चक्कर येऊ लागली तर थांबावे. दुकान उघडण्यापूर्वी, वर्गात शिरण्यापूर्वी, कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना, कोठेही हे जमते.

४. निदान एक जेवण मोबाईल आणि टीव्हीशिवाय करावे. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. ताटाकडे लक्ष नसले की त्याआधीच दोन पोळ्या जास्त जातात.

५. चिंतेला वेळ नेमून द्यावी. संध्याकाळी पंधरा मिनिटे वही घेऊन बसावे आणि काळज्या लिहून काढाव्यात. ज्यावर उद्या काही करता येईल, त्यापुढे काय करायचे ते लिहावे. इतर वेळी काळजी आली की ‘संध्याकाळी बघू’ म्हणावे. वर्तमानात जगायचे म्हणजे उद्याचा विचारच सोडायचा असे नाही. पेरणीचा आणि फीचा विचार करावाच लागतो. पण तो एकदा, नीट बसून करावा.

येवढ्यावर भागत नाही तेव्हा

श्वास मोजून कर्ज फिटत नाही आणि आजारी माणूस उठून बसत नाही, हे मान्य आहे. पण त्यातून वाट काढायला डोके ताळ्यावर लागते, तेवढे काम हा सराव करतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस नसणे, झोप-भूक जाणे किंवा जगणे नकोसे होणे हे आजाराचे लक्षण आहे. त्यावर डॉक्टरांकडेच जावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. ओळखीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे असे विस्मरण असेल, तर थायरॉइड आणि जीवनसत्त्व बी-१२ यांसह तपासणी करून घ्यावी. ज्यांना पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला आहे, त्यांनी दीर्घ ध्यानशिबिराला जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाचही गोष्टी एकदम सुरू करू नका, नाहीतर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ व्हायच्या. या आठवड्यात एकच निवडा आणि सात दिवस नेमाने करा. घरात कोणाला शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर सुरुवात त्या गोळीपासूनच करा.