तीस फुटांची वाट आणि एक लिफाफा

आधी पोटोबा, मग विठोबा, असे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणत आली. बेटावर पिढ्या गेल्या, घरात क्रेओल बोलली जाऊ लागली, पण ही म्हण टिकली. गणेश चतुर्थीचे मोदक असोत की रविवारची दालपुरी, खाण्याविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. खाल्लेल्याचे पुढे काय होते, याविषयी मात्र गप्प बसतो. या गप्प बसण्याविषयीच आज वाचक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आम्ही मॉरिशस सोडून न्यूझीलंडमध्ये मुलाकडे स्थायिक झालो. ऑकलंड शहराच्या आग्नेय भागात फ्लॅट बुश नावाची वस्ती आहे. पूर्वी येथे शेते आणि कुरणे होती. आज रांगेने नवी घरे आहेत, ऑर्मिस्टनचा मोठा बाजार आहे आणि संध्याकाळी फिरायला बॅरी कर्टिस पार्क आहे. शेजारी भारतातले, चीनमधले, फिजीचे आणि सामोआ-टोंगाचे. या घरी एके दिवशी आमच्या नावाचा सरकारी लिफाफा आला. आत एक लहानशी नळी आणि माहितीपत्रक होते. आपल्या शौचाचा नमुना घरीच घेऊन पाठवा, असे त्यात लिहिले होते.

आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, हे तुमच्यासाठी आले आहे." आम्ही म्हणालो, "ठेव वर. मग बघू." लिफाफा फ्रिजवर गेला आणि तीन आठवडे तेथेच राहिला.

पुढे नातवाला शाळेत पचनसंस्थेचा तक्ता काढायला सांगितला. तो कागद घेऊन आमच्यापाशी बसला, आणि आजोबांनाच धडा मिळाला.

पचन तोंडातच सुरू होते. दात घास बारीक करतात आणि लाळ त्यातील पिठाचे साखरेत रूपांतर करू लागते. म्हणून भाकरी किंवा भात बराच वेळ चावला की गोड लागतो. दिवसभरात माणसाच्या तोंडात सुमारे एक ते दीड लिटर लाळ तयार होते. पुढे सुमारे २५ सेंटिमीटरची अन्ननलिका आहे. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. नळीचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून त्याला ढकलतात.

मग जठर, म्हणजे आपण ज्याला पोट म्हणतो ती पिशवी. येथे तीव्र आम्ल आणि पाचक रस अन्नाची पेज करतात. स्वतःच्या आम्लाने जठर भाजून निघत नाही, कारण त्याला आतून चिकट पदार्थाचे अस्तर असते.

हे सारे माणसाला कसे कळले, त्याची गोष्टही एका बेटावरचीच आहे. उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ६ जून १८२२ रोजी अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला चुकून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्याला वाचविले, पण पोटावरचे भोक कायमचे उघडे राहिले. डॉक्टर दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडीत आणि किती वेळात विरघळतात ते पाहत. त्यांचे पुस्तक १८३३ साली निघाले. जठरातील रस अन्न खरोखरच विरघळवितो, हे या 'खिडकी'मुळे जगाला दिसले.

जठरातून पेज लहान आतड्यात उतरते. यकृताकडून पित्त येते, ते तुपातेलाचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस पीठ, प्रथिने आणि चरबी या तिघांना फोडतो. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. अन्नाचे सत्त्व ते शोषून घेतात आणि रक्तात पोहोचवितात. जेवण खरोखर अंगी लागते ते येथे.

तोंडापासून शेवटपर्यंत ही वाट सुमारे नऊ मीटर, म्हणजे तीस फूट. शेवटचे दीड मीटर मोठ्या आतड्याचे. तक्त्यावर बोट ठेवून नातवाने विचारले, "आजोबा, इथे काय होतं?" आम्ही हसून म्हणालो, "इथे काही नाही, कचरा." तो म्हणाला, "नाही आजोबा, बाईंनी सांगितलंय, इथे पाणी वाचवतात."

पोराचे खरे होते. आपण पितो ते पाणी आणि शरीराचे पाचक रस मिळून रोज सुमारे नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातील बहुतेक लहान आतडे परत घेते. उरलेल्यापैकी बराचसा मोठे आतडे शोषते आणि शेवटी जेमतेम पेलाभर बाहेर जातो. शिवाय येथे अब्जावधी जीवाणू राहतात. डाळी, भाज्या आणि कोंड्यासकटच्या धान्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषक असे पदार्थ तयार करतात. घरच्या वाल-मटकीची, लाल भोपळ्याची थोरवी ती हीच.

याच अस्तरावर वय वाढेल तसे कधी कधी मांसाचे लहान कोंब उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. पुष्कळसे निरुपद्रवी असतात, पण काहींचा पुढे कर्करोग होतो. त्याला बहुधा दहा-एक वर्षे लागतात. तोवर काही दुखत नाही. फक्त अधूनमधून डोळ्यांना न दिसणारे थेंबभर रक्त शौचात मिसळते. ते रक्त शोधण्यासाठीच ती नळी. मॅकिनॅक बेटावर खिडकीसाठी माणसाला गोळी लागावी लागली. येथे ती फुकट आणि घरपोच आली होती, आणि आम्ही ती फ्रिजवर ठेवली होती!

न्यूझीलंड हा आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण जगात फार असलेल्या देशांपैकी एक आहे. दरवर्षी सुमारे १,२०० माणसे त्याने दगावतात. म्हणून २०१७ साली ही तपासणी देशभर सुरू होऊ लागली, आणि आमच्या काउंटीज मनुकाऊ भागात ती २०१८ साली आली. प्रथम ती ६० ते ७४ वर्षांच्या लोकांसाठी होती. ऑक्टोबर २०२५ पासून ऑकलंडकडे ५८ व्या वर्षापासून मिळते. दर दोन वर्षांनी लिफाफा येतो. रक्त सापडले म्हणजे कर्करोगच, असे नाही. मग दुर्बिणीने आतडे तपासतात आणि पॉलिप दिसला तर बहुधा तेव्हाच काढून टाकतात. रोग लवकर सापडला तर बहुतेक रोगी बरे होतात.

तरीही आशियाई, माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत ही नळी परत पाठविणारे इतरांपेक्षा कमी आहेत. कारण आम्हाला स्वतःवरूनच कळले: लाज. "हा गोऱ्यांचा आजार" असेही आपली माणसे म्हणतात. भारतात त्याचे प्रमाण कमी आहे हे खरे, पण देश बदलला, ताट बदलले, की तो धोकाही हळूहळू त्या देशाच्या बरोबरीला येऊ लागतो. सॉसेज, हॅम अशा टिकविलेल्या मांसाने हा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केले आहे.

त्या रात्री आम्ही लिफाफा उघडला. सकाळी पाच मिनिटांत काम झाले. तारीख लिहिली, सही केली आणि पाकीट टपालात टाकले. उत्तर अजून यायचे आहे.

पण एका प्रश्नापाशी आम्ही अडलो. डॉक्टरांनी विचारले होते, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा रोग झाला होता का? असेल तर तपासणी लवकर आणि वेगळ्या प्रकारे करावी लागते. आमचे वडील "पोटाच्या दुखण्याने" गेले, एवढेच घरात सांगितले गेले. ते दुखणे कोणते, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

म्हणून बेटावरील आपल्या कुटुंबांना हात जोडून विनंती. येत्या रविवारी सगळे जेवायला जमाल, तेव्हा थोरल्या काकांना, मावशींना विचारा, घरात कोण कशाने गेले ते वहीत लिहा आणि परदेशातल्या मुलांना कळवा. शौचात रक्त दिसले, नेहमीची सवय काही आठवडे बदलली, कारण नसताना वजन उतरले किंवा अंगात रक्त कमी भरले, तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांकडे जा. नुकतीच तपासणी चांगली आली असली तरीही जा.

नातवाच्या तक्त्याला शाळेत शाबासकी मिळाली. मोठ्या आतड्याशेजारी त्याने लिहिले होते, "हे पण महत्त्वाचे."