दोन घंटांचा विश्वास

सहकाऱ्यांमधील विश्वास कशानें वाढतो? १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आणि १८५४ सालीं कल्याणपर्यंत पोहोंचलेल्या आगगाडीच्या मार्गावर याचें उत्तर रोज मिळतें. बारा डब्यांच्या लोकलमध्यें मोटरमन अग्रभागीं, तर २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणविला जाणारा गार्ड अगदीं शेवटीं असतो. फलाटावर चढणारे उतारू गार्ड पाहतो. मोटरमनला मागचें कांहींच दिसत नाहीं. गार्ड दोन घंटा देतो. मोटरमन तितक्याच घंटा परत देतो आणि मग गाडी हलते. शेंकडों जीव त्या दोन घंटांवर विसंबून असतात. विश्वास नुसत्या गोड बोलण्यानें नव्हे, तर अचूक निरोपानें व त्याच्या तत्पर पोंचेनें दृढ होतो. आपल्या कचेरींत निरोपाला अशी पोंच मिळते काय?